पुरळ उठण्याआधीचे चार दिवस

दुसरीत असताना मला गोवर झाला. पुरळ उठलेला दिवस घरात सगळ्यांना आठवतो. आज्जीनं दाराला कडुलिंबाचा डहाळा खोवला आणि आईला बजावलं, "आता कुणाला आत घेऊ नको बाई, गोवर आलाय."

मला मात्र त्याच्या आधीचे चार दिवस आठवतात. नाक गळत होतं, डोळे लाल झाले होते, अंगात ताप होता. आई म्हणाली, सर्दी आहे. शाळा बुडाली एकच दिवस. दुपारी मी नेहमीसारखी धाकट्या काकूकडं गेले. निपाणीत आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळतात. काकूच्या त्या एवढ्याशा खोलीत मांडीवर सूप घेऊन पाचसहा बायका बसलेल्या, तंबाखू उडू नये म्हणून खिडकी बंद. काकूचे हात मोकळे नसायचे, म्हणून सात महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर. मी खोकत होते आणि तिचे पापे घेत होते.

दहाबारा दिवसांनी बाळाला ताप भरला. मग पुरळ, मग न्यूमोनिया. बेळगावच्या दवाखान्यात नऊ दिवस. वाचली. काकू मला कधी एक शब्द बोलली नाही. "व्हायचं हुतं, झालं," एवढंच.

कॉलेजात आल्यावर गोवराबद्दल वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून रोगी दुसऱ्याला लागण करतो, आणि नंतरही चार दिवस. म्हणजे आज्जीचा डहाळा दाराला लागला तेव्हा निम्मं काम होऊन गेलेलं. शिवायला, खेळायला लागत नाही. रोगी निघून गेला तरी विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लस न घेतलेली दहा माणसं सहवासात आली तर नऊंना होतो. इतका पसरणारा दुसरा रोग शोधावा लागेल.

मग माझी लस कुठं गेली? माझा जन्म आजोळी, कागलजवळ. पहिल्या लसी तिकडं, कार्ड तिकडच्या ट्रंकेत. नवव्या महिन्यात आम्ही निपाणीला आलो. इकडच्यांना वाटलं तिकडं टोचली असेल, तिकडच्यांना वाटलं इकडं. कागल महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात. सीमाप्रश्नावर आपण भाषणं खूप ऐकतो, पण माझ्या दंडाचा सीमाप्रश्न कुणाच्या भाषणात आला नाही!

आणि बाळाची? नऊ महिने भरल्याशिवाय गोवराची लस देत नाहीत. आईकडून आलेलं बळ तोवर ओसरत जातं. त्या मधल्या फटीत बाळाला वाचवायचं ते भोवतालच्यांनी, म्हणजे मी. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला, मुलं दगावली, तेव्हा केंद्रानं सांगितलं की नऊ महिन्यांखालच्या बाळांमध्ये रुग्ण जास्त असतील तिथं सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्यावा. ती बातमी मी दोनदा वाचली. सहा महिने. आमची सातची होती.

ती आता आठवीत आहे. सर्दी झाली की अजून तिची छाती भरते, काकू म्हणते तो तिचा पिंडच. दिवाळीत ती माझ्या शेजारी बसून माझ्याच मोबाईलवर आपल्या मंडळाचा मागचा अंक वाचत होती. हाही वाचेल.