बाबांचा पिवळा दगड

माणसाची पारख सहवासाने होते, असे आपण म्हणतो. दगडाची पारखही तशीच होते, हे मला बाबांनी शिकविले. आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा त्यांना स्वतःचा उजवा हात उचलणेही शक्य नव्हते.

बाबा तरुणपणी प्रवासी बोटीवर होते. बोटीवरच्या केशकर्तनालयात ते काम करीत. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात बोट लागली असता त्यांनी वस्तऱ्याला धार लावण्याचा एक दगड विकत घेतला होता. वितीहून आखूड, वरून जुन्या मेणासारखा पिवळा, खालून जांभळट निळा. त्याच्या जोडीला त्याच दगडाचा सुपारीएवढा एक तुकडा. नोकरी सुटली, बोटीवरची ट्रंक गंजली. पण दर शनिवारी संध्याकाळी तो दगड फडक्यातून बाहेर निघे, आणि रविवारी मिस्साला निघताना बाबांचे गाल लहान मुलासारखे तुळतुळीत असत.

1994 च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डोळ्यांत मोतीबिंदू आधीपासून होताच. दाढी करण्याचे काम माझ्याकडे आले. साध्या ब्लेडची दाढी त्यांना सोसत नसे; वस्तराच हवा. मी नुकताच एका मित्राकरवी जपानी बनावटीचा कृत्रिम दगड मागविला होता. त्यावर 8000 असा आकडा होता. आकडा जितका मोठा तितके कण बारीक, एवढे मला ठाऊक होते. बाबांच्या दगडावर कसलाच आकडा नव्हता. तेव्हा कोणता दगड श्रेष्ठ याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

त्या नव्या दगडावर लावलेल्या धारेने मी बाबांची दाढी केली. केस सफाईने निघाले. पण दुपारपर्यंत गळ्यावर लाल चट्टे उठले. बाबा रागावले नाहीत. जड जिभेने एवढेच म्हणाले, “धार आहे, पण माया नाही. माझा दगड काढ.”

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. मी त्यांच्या खाटेशी बसायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. दगडावर पाण्याचे तीन-चार थेंब टाकून तो लहान तुकडा घासला की ताकासारखा पांढरट राप तयार होई. त्यात वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, हाताचा भार जवळजवळ नाहीच. थोड्याच वेळात राप करडा पडे. म्हणजे दगड पोलाद खात आहे. तेव्हा खरखर ऐकू येई. मग बाबा म्हणत, “एक थेंब.” मी पाण्याचा एक थेंब टाकी. राप पातळ होई, आवाज मऊ होई. “अजून एक.” “घाई नको.” “हं, आता.” शेवटी राप धुऊन टाकून निव्वळ पाण्यावर वस्तरा फिरवायचा. तेव्हा आवाज जवळजवळ नाहीसा होई आणि वस्तरा दगडाला चिकटून राहू पाहत असे. “आता तो बारीक झाला,” बाबा म्हणत. मग चामड्याचा पट्टा, आणि मग गाल.

‘दगड बारीक झाला’ हे शब्द मला तेव्हा चमत्कारिक वाटत. दगड तोच, तो भरडाचा बारीक कसा होईल? मी एकदा तसे विचारलेही. “दगडाला विचारू नकोस,” ते म्हणाले, “गालाला विचार.”

याचा उलगडा फार उशिरा झाला. 2009 साली माझा मुलगा शिक्षणासाठी बेल्जियममध्ये असताना मी आर्डेन डोंगराळ भागातील साम नदीच्या खोऱ्यात जाऊन आलो. व्हिएलसाल्म गावाजवळ सामशातो येथे या पिवळ्या दगडाचे लहानसे संग्रहालय आहे. त्याला तिकडे कोटिक्युल म्हणतात. सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड. निळ्या खडकात त्याचे अगदी अरुंद थर सापडतात. म्हणून पुष्कळदा त्याला पाठीशी पाटीच्या दगडाचा आधार चिकटवावा लागतो. खाणकामगारांनी थराथराला नावे दिली होती: ला वेनेट, ला ग्रोस जोन. एका थराचा स्वभाव दुसऱ्याला नसे. मग साऱ्यांना मिळून एकच आकडा कसा द्यावा?

आपला गोमेद ज्या कुळातला, त्याच गार्नेट कुळातले सूक्ष्म खडे या पिवळ्या दगडात खच्चून भरलेले असतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. हे खडे साधारण 5 ते 15 मायक्रॉनांचे, आणि माझ्या 8000 आकड्याच्या दगडातील कण जेमतेम सव्वा मायक्रॉनाचे! मोजपट्टीने पाहिले तर बाबांचा दगड भरड ठरतो. परंतु हे खडे बारा पैलूंचे, जवळजवळ गोल असतात. ते पोलादात खोल रुतत नाहीत, वरवर खरवडतात. राप दाट असेल तर सुटे खडे भराभर झीज करतात. पाणी वाढले की त्यांचा जोर ओसरतो. एकाच दगडात अनेक दगड असतात, आणि कोणता केव्हा बोलवायचा हे पाण्याच्या थेंबावर ठरते.

सगळ्या दगडांची पारख अशीच होते, असे नाही. अमेरिकेतील आर्कान्सास दगडाची प्रत त्याच्या घनतेवरून ठरवितात. जितका घन, तितका बारीक. तेथे तराजू उपयोगी पडतो. आमच्या दगडाला तराजू चालत नाही. भिंगातून धारेवरचे ओरखडे पाहता येतात; पण वस्तरा गालावर कसा लागेल, ते भिंग सांगत नाही. प्राचीन रोमचा लेखक प्लिनी याने ‘कोटिक्युला’ हा लॅटिन शब्द सोन्याचा कस पाहण्याच्या दगडासाठी वापरला आहे. म्हणजे आपली कसोटीच. मी मात्र कसोटीचीच कसोटी आकड्याने घ्यायला निघालो होतो.

असो. हे ज्ञान मला मिळाले तेव्हा बाबांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्या पावसाळ्यातले शिकवणीचे दिवस थोडेच होते. एके पहाटे ते झोपेतच गेले. आई म्हणाली, “त्यांना असं नेऊ नकोस. दाढी वाढली आहे.”

मी दगड काढला. पाण्याचे थेंब टाकले, राप केला. आजवर ‘एक थेंब’ म्हणणारा आवाज खोलीत नव्हता, आणि चूक झाली असती तर लाल होऊन सांगणारा गालही आता काही सांगणार नव्हता. प्रथमच मी डोळे मिटले. खरखर मऊ झाली, पाणी टाकले. सळसळ उरली, पुन्हा टाकले. मग काहीच ऐकू येईना. बाहेर अंगणात माणसे जमत होती. मी आणखी थोडा वेळ वस्तरा फिरवीत राहिलो आणि मग त्यांच्या गालाला लावला.

हल्ली मुलगा घरी आला की तो दगड हातात घेऊन विचारतो, “पप्पा, हा किती नंबरचा?” मी त्याला जवळ बसवतो आणि पाणी आणायला सांगतो.