न्यूयॉर्कांतील जॅझ-तबकड्यांचा बाजार

न्यू जर्सी संस्थानांत एडिसन नांवाचें एक गांव आहे. आपल्याकडील पुष्कळ मराठी कुटुंबें नोकरीनिमित्त त्या गांवीं व आसपास राहतात. त्यामुळें पुण्यामुंबईच्या अनेक घरांत हें नांव आतां एखाद्या आप्ताच्या पत्त्याइतकें परिचित झालें आहे. गांवास हें नांव १९५४ सालीं मिळालें, आणि तें सर्वथैव योग्य मिळालें. याच गांवच्या मेन्लो पार्क नामक भागांत १८७७ सालीं टॉमस एडिसन यानें कथलाच्या पातळ वर्खावर मनुष्याचा आवाज कोरून तो पुनः ऐकविला. त्या जागीं आज एक उंच स्मारक-मनोरा उभा असून त्याच्या माथ्यावर विजेच्या दिव्याची प्रचंड प्रतिकृति बसविलेली आहे. दिव्यानें जग उजळलें हें खरेंच. परंतु जें उच्चारतांच नष्ट होतें त्यास ज्या यंत्रानें देह दिला, त्याचा मान आम्हांस दिव्याहून तिळभरही कमी वाटत नाहीं.

आमचे चिरंजीव याच परिसरांत स्थायिक आहेत. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्यांच्याकडे तीन महिने राहिलों. त्यांच्या बैठकीच्या खोलीची एक भिंत संपूर्णपणें तबकड्यांनीं व्यापलेली आहे, आणि त्या सर्व जॅझ संगीताच्या. त्यांपैकीं एकीस अकराशें डॉलर पडले, असें सूनबाईंनीं पहिल्याच आठवड्यांत आमच्या कानांवर घातलें. "बाबा, तुम्हीच त्याला समजावून सांगा," असेंही म्हणाल्या. समजावण्यापूर्वीं समजून घेणें हा शिक्षकाचा धर्म. तेव्हां चिरंजीवांस म्हटलें, "तुझा हा बाजार आम्हांला एकदां दाखीव."

ज्यांस या संगीताचा परिचय नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. न्यू ऑर्लिन्स शहरांतील कृष्णवर्णीय समाजांत, विसाव्या शतकाच्या आरंभास, जॅझचा जन्म झाला. एखादें परिचित पद घ्यावयाचें आणि त्यावर त्या क्षणीं सुचेल तसा विस्तार करावयाचा, ही त्याची रीत. आपल्या उपजेची येथें आठवण होईल. परंतु तुलना फार ताणूं नये. आपल्याकडे षड्जाचा अखंड आधार असतो, त्यांच्याकडे अनेक स्वर एकदम उच्चारून केलेले गुच्छ क्षणोक्षणीं बदलत असतात, आणि वादकास त्या बदलत्या भूमीवर पाय रोवावे लागतात. जें एकदां वाजलें तें पुन्हां तसेंच वाजावयाचें नाहीं, हाच ज्याचा प्राण, तें संगीत कागदावर कितीसें उतरणार? तबकडी हीच त्याची संहिता होय. जॅझची पहिली तबकडी १९१७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें मुद्रित झाली; आणि ती वाजविणारे पांचही जण गोरे होते! व्यापाराचा हा श्रीगणेशाच पुष्कळ कांहीं सांगून जातो.

मॅनहॅटन बेटावर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चिरंजीव आम्हांस घेऊन गेले. खालीं रस्त्यावर पाटी दिसेल न दिसेल अशी. वर मात्र छतापर्यंत मांडण्या. गिऱ्हाईक आम्ही धरून चौघे. बोलणें जवळजवळ नाहींच. एक वृद्ध गृहस्थ खिडकीच्या उजेडांत तबकडी तिरपी धरून भिंगानें तिचा मध्यभाग न्याहाळीत होते. वाजवून पाहण्याची उत्कंठा त्यांना दिसली नाहीं. त्यांना हवा होता पुरावा.

पुरावा कशाचा, तें सांगण्यासारखें आहे. जर्मनींतून आलेल्या आल्फ्रेड लायन या ज्यू गृहस्थानें १९३९ सालीं 'ब्लू नोट' नांवाची तबकड्यांची संस्था काढली. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्यास येऊन मिळाला. भांडवल तुटपुंजें, परंतु दृष्टि मोठी चोखंदळ. यांच्या तबकड्यांचें मुद्रण बहुतांशीं रूडी व्हॅन गेल्डर यानें केलें, आणि आरंभीं तें न्यू जर्सींतील हॅकेनसॅक येथें त्याच्या आईबापांच्या घराच्या दिवाणखान्यांत होत असे! १९५० नंतरच्या दशकांतील या तबकड्यांस आज सर्वांत अधिक मागणी आहे. मात्र पहिल्या खेपेचीच प्रत पाहिजे. ती ओळखण्याच्या खुणा अशा: मधल्या कागदावर संस्थेचा पत्ता लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूचा आहे कीं ६३ व्या रस्त्याचा, पत्त्यापुढें '२३' हा टपालविभागाचा आंकडा आहे कीं नाहीं, कागदाखालीं खोल वर्तुळाकार चर उमटली आहे कीं नाहीं, आणि शेवटच्या मोकळ्या जागेंत मनुष्याच्या कानासारखी दिसणारी एक बारीक खूण आहे कीं नाहीं. ही खूण म्हणजे प्लास्टिलाइट नामक ठसे काढणाऱ्या कारखान्याची निशाणी. १९६५ सालीं ब्लू नोट संस्था लिबर्टी कंपनीस विकली गेली, आणि त्यानंतर ती नाहींशी झाली. संग्राहक तिला नुसते 'कान' म्हणतात.

आम्हांस हें सारें ऐकतांना आपल्या हस्तलिखितांचें स्मरण झालें. पोथीचा काळ ठरवितांना पंडित ग्रंथाच्या शेवटची पुष्पिका पाहतात. लेखक कोण, शक कोणता, लेखनस्थान कोणतें. पाठभेद लावण्यास याचा उपयोग आहे. येथें मात्र स्वरांत तिळमात्र पाठभेद नसतां केवळ पुष्पिकेचें मोल दहापट होतें. उदाहरणार्थ, हँक मोब्ली या सॅक्सोफोनवादकाची १९५७ सालची एक तबकडी आहे. संस्थेच्या यादींत तिचा क्रमांक १५६८. मूळ प्रती थोड्या निघाल्या. आज चांगल्या प्रतीस कित्येक हजार डॉलर पडतात. पुनर्मुद्रित प्रत हवी तर ती सामान्य माणसाच्या खिशास परवडते, आणि वाजतें तेंच. मोब्लीस १९७० नंतरच्या दशकांत फुप्फुसाच्या विकारानें वादन सोडावें लागलें आणि १९८६ सालीं वयाच्या ५५ व्या वर्षीं तो वारला. त्याच्या तबकडीचा भाव तदनंतर चढतच गेला.

"या हजारों डॉलरांपैकीं वादकाच्या घरीं किती जातें?" असें आम्हीं दुकानदारास विचारलें. त्यानें अंगठा व तर्जनी जुळवून शून्य करून दाखविलें. तो कांहीं निर्दय मनुष्य नव्हे. कायदाच तसा आहे. वस्तु एकदां विकली गेली कीं पुढील खरेदी-विक्रीशीं मूळ कर्त्याचा संबंध उरत नाहीं. अमेरिकन नभोवाणीची प्रथा तर याहून चमत्कारिक आहे. केंद्रानें तबकडी वाजविली तर पदाच्या रचनाकारास मोबदला मिळतो, वाजविणाऱ्यास मिळत नाहीं. आणि जॅझमध्यें तर वाजविणाराच खरा रचनाकार असतो.

आतां सबंध बाजाराची स्थिति पहा. २०१४ सालीं निल्सन या संस्थेच्या वार्षिक अहवालांत अमेरिकेंत ऐकल्या व विकल्या जाणाऱ्या एकंदर संगीतांत जॅझचा वांटा अवघा १.४ टक्के भरला. उलट तबकड्यांचें नशीब फिरलें आहे. २०२२ सालीं त्या देशांत व्हिनाइलच्या तबकड्या सुमारें ४ कोटी १० लाख खपल्या, सीडी सुमारें ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर तबकडीनें सीडीस मागें टाकण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे वस्तूस तेजी आणि विद्येस मंदी. त्यांतही जॅझचा जो खप होतो त्यांत दिवंगतांचा वांटा मोठा. माइल्स डेव्हिस याची 'काइंड ऑफ ब्ल्यू' ही तबकडी १९५९ सालीं मार्च व एप्रिलमधील केवळ दोन दिवसांच्या बैठकींत, ३० व्या रस्त्यावरील एका जुन्या चर्चमध्यें थाटलेल्या मुद्रणगृहांत तयार झाली. २०१९ पर्यंत एकट्या अमेरिकेंत तिच्या खपाचा अधिकृत आंकडा पन्नास लाखांवर गेला. तें चर्च पाडून तेथें राहण्याची इमारत झाली आहे. आज पंचविशींतला एखादा वादक आपली पहिली तबकडी घेऊन बाजारांत उतरतो, तेव्हां दुकानाच्या मांडणीवर त्याची स्पर्धा समवयस्कांशीं नसते. ती या अमर मंडळींशीं असते. आमच्या मतें हें त्या बिचाऱ्यावर फारच जड ओझें आहे.

दुसऱ्या दिवशीं ५२ वा रस्ता पाहिला. पाहिला म्हणजे काय, रस्त्यावरील पाटी पाहिली. १९३० ते १९४९ या काळांत पांचव्या व सातव्या ॲव्हेन्यूंच्या दरम्यान येथें घरांच्या तळमजल्यांतून एकास लागून एक जॅझचे अड्डे होते. आज दोहों बाजूंस कचेऱ्यांच्या गगनचुंबी इमारती आहेत. या रस्त्याच्या भरभराटींतच तबकडीवर एक संकट कोसळलें, आणि त्याचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेंत दगडाची भुकटी व काजळी मिसळून बनत, आणि ती लाख मुख्यत्वेंकरून आपल्या छोटा नागपूरच्या रानांतून, पळस, कुसुम व बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळे. महायुद्धानें समुद्रमार्ग धोक्यांत आणले, तेव्हां १९४२ च्या एप्रिलांत अमेरिकन सरकारनें तबकड्यांच्या लाखेंत सत्तर टक्के कपात केली. जुन्या तबकड्या दळून नव्या करण्यासाठीं लोकांकडून मागविण्यांत आल्या. त्या जात्यांत किती अपूर्व वादन भरडलें गेलें असेल! त्याच वर्षीं १ ऑगस्टपासून वादकांच्या संघानें मुद्रणावर बहिष्कार घातला. यंत्रांतून वाजणारी तबकडी जिवंत वादकाची रोजी बुडविते, ही त्यांची तक्रार. सर्व मोठ्या कंपन्यांशीं तडजोड होण्यास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. आणि नेमक्या याच अवधींत चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी हे नवें वादन घडवीत होते. त्याच्या पहिल्या पावलांच्या खुणा तबकडीवर जवळजवळ उमटल्याच नाहींत.

मुंबईसही या इतिहासांत स्थान आहे. १९३० नंतर ताजमहाल हॉटेलांत कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे ताफे येऊन राहत असत. क्रिकेट स्मिथ याच्या ताफ्यानें १९३६ सालीं मुंबईंतच तबकड्या मुद्रित केल्या. चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलिपि शिकलेल्या गोमंतकीय वादकांनीं ही विद्या चटकन् उचलली. आंतोनियो शाव्हिएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा त्यांतला नामांकित ट्रंपेटवादक. सी. रामचंद्र यांच्या संगीताचा १९५१ सालचा 'अलबेला' चित्रपट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांनीं त्याचा ताफा पडद्यावर पाहिलेला आहे, नांव ठाऊक असो वा नसो. मुंबईच्या त्या तबकड्यांसाठीं चिरंजीव कित्येक वर्षें टपून आहेत. अद्याप एकही हातीं लागलेली नाहीं.

येथवर वाचून संग्राहक म्हणजे निव्वळ कृपण, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. आम्हीही तो करून घेण्याच्या बेतांत होतों; इतक्यांत नेवार्क येथील रटगर्स विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जाण्याचा योग आला. तेथें जॅझच्या अभ्यासाची एक संस्था आहे. तिच्यापाशीं लाखाहून अधिक ध्वनिमुद्रणें आहेत, आणि पुस्तकें, पत्रें, छायाचित्रें निराळीं. ही संस्था १९५२ सालीं मार्शल स्टर्न्स या एका प्राध्यापकांनीं स्वतःच्या बिऱ्हाडांतील संग्रहापासून उभी केली. ते शिकवीत असत इंग्रजी साहित्य, आणि त्यांचा विशेष अभ्यास मध्ययुगाचा! जुन्या काव्याच्या संशोधकानें आपल्या काळच्या संगीताची पोथीही जपावी, याचा आम्हांस मोठा आनंद वाटला. व्यापाऱ्यांनीं यादींतून काढून टाकलेलें वादन पुन्हां उजेडांत आलें तें पुष्कळदां अशाच एखाद्या वेड्या गृहस्थाच्या कपाटांतून. न्यूयॉर्कच्या मिल्ट गेबलर यानें आपल्या बापाच्या दुकानांत बसून बंद पडलेल्या तबकड्या कंपन्यांकडून पुन्हां काढविल्या. बिली हॉलिडेचें 'स्ट्रेंज फ्रूट' हें, कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविषयींचें गीत, तिच्या नेहमींच्या कंपनीनें नाकारलें, तेव्हां १९३९ सालीं त्यानेंच तें आपल्या छोट्या संस्थेमार्फत प्रसिद्ध केलें.

नेवार्कहून परततांना गाडींत आम्हीं चिरंजीवांपुढें एक प्रस्ताव मांडला. जुन्या तबकडीवर जेवढे डॉलर खर्च होतील, तेवढेच जिवंत वादकांच्या तिकिटांवर व नव्या तबकड्यांवर खर्चावे, आणि तिकिटें दोघांचीं काढावीं. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे खर्च दुप्पट होणार, बाबा!" चिरंजीव हंसले. एकंदर रक्कम आहे तीच ठेवून तिचे दोन भाग पाडावे, असें शेवटीं ठरलें.

पहिला हप्ता त्याच सोमवारीं भरला. ग्रिनिच व्हिलेज भागांत सातव्या ॲव्हेन्यूवर 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' नांवाचें तळघर आहे. मॅक्स गॉर्डन यानें तें १९३५ सालीं उघडलें. खोली त्रिकोणी, आसनें १२३, दरवाज्यापासून खालीं उतरणारा जिना अरुंद. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें तें बंद पडलें तें २०२१ च्या सप्टेंबरांत पुन्हां उघडलें. बिल एव्हान्स या पियानोवादकाचें २५ जून १९६१ चें प्रसिद्ध मुद्रण याच खोलींतलें. त्याचा तरुण साथीदार स्कॉट लाफारो त्यानंतर अकराच दिवसांनीं मोटारीच्या अपघातांत गेला. त्या तबकडींत वादनाच्या मागें पेल्यांचा किणकिणाट व श्रोत्यांची कुजबुज ऐकूं येते. ज्यांनीं त्या दिवशीं आपसांत गप्पा मारल्या, त्यांना त्या वादनाची थोरवी कोण सांगणार होतें?

दर सोमवारीं येथें मोठा वाद्यवृंद वाजवितो. हा परिपाठ १९६६ च्या फेब्रुवारीपासून चालत आला आहे. सोळा माणसें त्या चिंचोळ्या मंचावर कशीं मावतात, हेंच आधीं कोडें. समोरच्या रांगेंतील वादकाच्या श्वासाचा आवाज आम्हांस ऐकूं येत होता. प्रथम आमचे कान बावरले. दुसऱ्या पदास एका वयस्क सॅक्सोफोनवादकानें अत्यंत मंद लयींत, एकेक स्वर तोलून ठेवीत जो विस्तार केला, तो ऐकतांना सूनबाईंनीं हातांतील पेला हळूच खालीं ठेवला, तो संपेपर्यंत उचलला नाहीं.

कार्यक्रम संपल्यावर सर्व मंडळी जिन्यानें वर जाऊं लागली. मध्येंच गर्दी थांबली. मोठ्या बासाचा वादक पुरुषभर उंचीचें आपलें वाद्य खांद्यावर घेऊन, भिंतीस घासणार नाहीं अशा बेतानें, एकेक पायरी चढत होता. चिरंजीवांनीं पुढें होऊन दार धरलें.