मोरियाची वाट

शस्त्रक्रियेनंतर वजन उचलायला मनाई होती. पडल्या पडल्या बायबलमधल्या उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचत होते, आणि इसहाकापाशी थांबले. अब्राहाम होमाची लाकडं मुलाच्या पाठीवर देतो. विस्तव आणि सुरी मात्र स्वतःच्या हातात घेतो. लेकराला भाजू नये, कापू नये म्हणूनच ना? पुढे मोरियावर त्याचाच बळी द्यायचाय हे ठाऊक असूनही! त्या काळजीनं मला रडू आलं.

आम्ही ख्रिस्ती माणसं या लाकडांत वधस्तंभ पाहतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू तो स्वतःच वाहत निघतो. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो यानंही ही दोन ओझी शेजारी ठेवून पाहिली होती. पण इसहाक कोकराबद्दल विचारतो, आणि झुडपात सापडतो तो मेंढा. मग कोकरू कुठलं? बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून ‘हे पाहा देवाचं कोकरू’ म्हणतो, तेव्हा मला तोच जुना प्रश्न ऐकू येतो.

ज्यू लोक हीच कथा रोश हशानाच्या, म्हणजे नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशी सभास्थानात वाचतात. तिथं वधस्तंभ नाही, तरी कथा पुरी आहे. दोन्ही वाचनं माझ्या मनात एकत्र कशी नांदतात, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि मोरिया दिसेपर्यंतच्या वाटेवर बाप-लेक काय बोलले, तेही उत्पत्तीत कुठेच नाही.