ख्राइस्टचर्चचा जपानी भाचा

माझी धाकटी बहीण न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले आणि महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिलो. सामानात थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि मागच्या दिवाळीचे तीन अंक होते. तिथल्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांची तपासणी फार कसून होते. अधिकाऱ्याने भाजणीची पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. अंकांकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही. त्यांतल्या एकात माझा लेख होता, पण हे त्या बिचाऱ्याला कसे कळणार!

घराचे दार एका सोळा वर्षांच्या जपानी मुलाने उघडले. कमरेत वाकून त्याने नमस्कार केला आणि माझ्या हातातली बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली. मागून माझी भाची ओरडत आली, "मामा आला, मामा आला!" तोही गंभीरपणे म्हणाला, "वेलकम, मामा." मामा हे माझे नावच आहे अशी त्याची समजूत झाली. ती कोणी दुरुस्त केली नाही.

"दादा, हा आमच्याकडे सहा महिने राहायला आलाय," बहीण म्हणाली. "रग्बी शिकायला."

मी चकित झालो. परदेशी शिकायला जाणारी मुले मला ठाऊक होती. दरवर्षी चार-दोन विद्यार्थी माझ्याकडून शिफारसपत्रे नेतात. पण मैदानात एकमेकांच्या अंगावर धडकण्याची विद्या शिकायला कोणी साता समुद्रांपलीकडे जाते, हे मला नवीन होते. हळूहळू उलगडा झाला. तिथली कित्येक हायस्कुले परदेशी मुलांना फी घेऊन प्रवेश देतात आणि काही शाळांनी त्याला रग्बीची जोड दिली आहे. सकाळी व्यायामशाळा, मग इंग्रजी, गणित वगैरे नेहमीचे तास, त्यांतच रग्बीचाही तास, आणि शाळा सुटल्यावर मैदान. शनिवारी सामना. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला पंधरा-वीस हजार डॉलरांच्या घरात जाते. म्हणजे आपले आठ-दहा लाख रुपये झाले! जेवण्याखाण्याचे निराळे. आमच्या या पाहुण्याचे वडील ओसाकाजवळ एक लहानसे दुकान चालवतात. हा हिशेब मी मनात करायला नको होता, पण केला. मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्याच्या खर्चाचीही चिंता वाटते.

अशी मुले घरी ठेवायची म्हणजे सोपे काम नाही. सरकारने 2021 साली त्यासाठी एक संहिताच काढली आहे. घरातल्या मोठ्या माणसांची पोलिसांकडून चौकशी होते, शाळेची माणसे घर पाहून जातात, आणि रात्री-अपरात्रीसुद्धा उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला असतो. पुढे त्याच क्रमांकाशी माझा संबंध यायचा होता.

आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. सकाळी गवतावर पांढरे दहिवर गोठलेले असे आणि स्वच्छ दिवशी पश्चिमेला बर्फाचे डोंगर दिसत. गावातून एव्हन नावाची नदी वाहते. नदी कसली, आमच्याकडचा कालवा तिच्यापेक्षा रुंद असेल. पण काठची झाडे आणि बदके यांनी तिला मोठे रूप आणले आहे. एका रविवारी तो मुलगा मला या नदीच्या काठावरच्या एका लांब संगमरवरी भिंतीपाशी घेऊन गेला. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात या शहरात 185 माणसे गेली, त्यांची नावे तिच्यावर कोरली आहेत. त्यांत 28 जपानी होती. एका कोसळलेल्या इमारतीत भाषाशाळा होती आणि तिथे ती मुले इंग्रजी शिकत होती. "माय मदर," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द न सापडल्यामुळे त्याने हात जोडून दाखवले. आल्या आल्या इथे येऊन नमस्कार कर, असे आईने बजावले होते. त्या माउलीने कोणत्या मनाने पोराला याच गावी धाडले असेल!

त्याचे उत्तर त्याच्या खोलीत होते. पलंगाच्या डोक्याशी मायकेल लीचचे चित्र. हा लीच 1988 साली याच ख्राइस्टचर्चमध्ये जन्मला, आणि 2004 साली, पंधराव्या वर्षी, शिकायला गेला तो जपानात, सप्पोरोच्या हायस्कुलात. पुढे तो जपानचा कर्णधार झाला. 2015 च्या विश्वचषकात बलाढ्य दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अगदी शेवटी बरोबरी साधून देणारी किक त्याला मिळत होती. ती त्याने नाकारली, जिंकण्यासाठी खेळायचे ठरवले, आणि जपानने सामना 34-32 असा मारला. आमचा पोरगा त्या वाटेने उलटा चालत आला होता. परत जाऊन हानाझोनोच्या मैदानावर खेळायचे, हे त्याचे स्वप्न. जपानातल्या हायस्कुलांची राष्ट्रीय स्पर्धा वर्षअखेरीला तिथे भरते.

आपणही अगदीच अडाणी नाही हे दाखवायला मी त्याला कलकत्ता कपाची गोष्ट सांगितली. कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा त्या साहेबांनी शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून 1878 साली एक चषक घडवला; त्याचे कान म्हणजे तीन नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्यासाठी झुंजतात. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा प्ले?" मी विषय बदलला.

सराव पाहायला मात्र मी रोज जाऊ लागलो. या खेळात चेंडू हाताने पुढे फेकायची बंदी आहे. पुढे जायचे तर लाथेने उडवा, नाहीतर छातीशी धरून धावा. आणि देणे झाले तर मागून येणाऱ्याच्या हातीच द्या. आठ-आठ मुले डोकी खाली घालून बैलांसारखी एकमेकांना भिडतात, त्याला स्क्रम म्हणतात. शाळकरी मुलांना त्यात दीड मीटरपेक्षा अधिक रेटायला मनाई आहे. आमचा पोरगा अंगाने लहान, म्हणून त्याचे काम त्या गर्दीच्या पायांतून चेंडू काढून विजेसारखा मागे देण्याचे. चार महिने तिसऱ्या संघात काढल्यावर त्या आठवड्यात दुसऱ्या संघाच्या यादीत प्रथमच त्याचे नाव लागले होते. घरात शिरा झाला.

गुरुवारी सरावाहून तो आला तो गप्प. जेवताना दिव्याकडे पाठ करून बसला. आमटीभात तसाच टाकला. "मामा, टुमॉरो सॅटर्डे?" त्याने विचारले. "उद्या शुक्रवार," मी सांगितले. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

बहीण मुलीला निजवायला गेली होती. मी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने कानामागे हात नेला आणि हळूच म्हणाला, "मामा, नो टेल. प्लीज. सॅटर्डे."

वीस वर्षे शिकवतो आहे. 'सर, घरी सांगू नका' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि पुष्कळदा सांगितलेले नाही. हजेरी कमी असेल, एखादा विषय राहिला असेल. अशी गुपिते राखण्यात मोठेपणाही वाटतो. त्या रात्री स्वयंपाकघरात मी फार तर दहा मिनिटे उभा असेन. त्याच्या बापाचे दुकान आठवले, दुसऱ्या संघाची यादी आठवली. मग त्याचे ते जोडलेले हात आठवले. मी बहिणीला हाक मारली, आणि तिने फ्रिजवरचा क्रमांक फिरवला.

डॉक्टरांनी निदान केले: मेंदूला धक्का. निदान तीन आठवडे खेळ बंद, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय टक्कर घ्यायची नाही. दुसरा धक्का पहिल्यावर बसला तर जिवावर बेतू शकते, असे ते शांतपणे म्हणाले. त्या रात्री तो आईशी बोलत होता. भिंतीपलीकडून "हाय, हाय" एवढेच ऐकू येई. जपानीत त्याचा अर्थ 'हो' असा होतो, पण माझ्या मराठी कानांना ते काही निराळेच वाटत राहिले.

शनिवारी त्याच्या जागी दुसरा मुलगा खेळला. सामना हरलो. त्यानंतर चार दिवस तो मला नमस्कार करी, वाट देई, पाण्याचा पेला पुढे ठेवी. पण 'मामा' म्हणत नसे. बहीण म्हणाली, "दादा, तू बरोबर केलंस." बरोबर असेल. पण घर मोठे आणि थंड वाटू लागले होते.

डोके दुखायचे थांबल्यावर पुढच्या शनिवारी प्रशिक्षकांनी त्याला पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेला उभे केले. पाऊस रपरप पडत होता. खेळ थांबला की हा चिखलातून चालत जाई, प्रत्येकाच्या हाती बाटली देई, आणि परतताना आपल्या जागी आलेल्या मुलाला हातवारे करून काहीतरी सांगे. सामना कोण जिंकले, ते माझ्या ध्यानात राहिलेले नाही.

घरी आल्यावर तो पडवीत बूट धूत बसला. मी आत चहा घेत होतो. दारातून डोके आत आले.

"मामा, पेपर?"

ओल्या बुटांत कागद कोंबायला हवा होता. त्या घरात वर्तमानपत्र येत नाही; सगळे फोनवर वाचतात. मी इकडेतिकडे पाहिले, आणि टेबलावर सर्वांत वर पडलेला दिवाळी अंक त्याच्या हाती दिला. त्याने पाने फाडून, चोळामोळा करून, बोटांपर्यंत नीट दाबून बसवली. डाव्या बुटातून माझ्या लेखाचे शीर्षक अर्धवट बाहेर डोकावत होते. सकाळी पाहिले, तर बूट कोरडे खडखडीत झाले होते.