विरामातील उद्योग

इ. स. १९४० साली पॅरिस नगरी जर्मन सैन्याच्या हाती पडली. त्या उदास दिवसांत जाक मोनो हे तरुण शास्त्रज्ञ सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत जीवाणूंची वाढ मोजीत असत. ग्लुकोज आणि दुधातील शर्करा लॅक्टोज एकत्र दिली, तेव्हा जीवाणूंनी प्रथम ग्लुकोज फस्त केले; मग वाढ खुंटली. ते मेले की काय? नव्हे! काही वेळाने ते पुन्हा वाढू लागले. मधल्या काळात ते लॅक्टोज पचविणारे विकर निर्माण करीत होते. हा अल्प विराम मोनोंनी क्षुल्लक मानला नाही. त्याचे कारण शोधता शोधता जनुके गरजेनुसार कशी कामास लागतात, हे उलगडले आणि १९६५ साली सहकाऱ्यांसह त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. थांबलेले भासणारे जीवन आतून केवढे उद्योगी असते!