चुन्याची निवळी की तीन बाटल्या?

खाऱ्या पाण्याची टाकी मांडली की मासे, दगड, दिवे यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच येतो: कॅल्शियम आणि अल्कलिनिटीसाठी नक्की काय घालायचं? सध्या तो माझ्या नागऱ्याच्या मावसभावाला पडलाय. नागरा म्हणजे गोंदियाजवळचं, जुन्या शिवमंदिराचं. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब, आणि हा पठ्ठ्या 100 लिटरची टाकी मांडून बसलाय! दुकानदाराने तीन बाटल्या घ्यायला सांगितल्या, किंमत बघून त्याने मला फोन केला. उत्तर लांबत गेलं, म्हणून इथे लिहून काढतोय.

आधी थोडं रसायनशास्त्र. (घाबरू नका, दहावीपुरतंच आहे.) प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, म्हणजे आपली चुनखडीच. त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम उचलतात आणि बायकार्बोनेटही. अल्कलिनिटी हे मुख्यतः या दुसऱ्याचं माप. समुद्रात कॅल्शियम साधारण 410 ते 420 पीपीएम, अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या आसपास. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात संपतात: 1 डीकेएच गेली की कॅल्शियम सुमारे 7 पीपीएमने उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी 7 वरून 5 वर येईपर्यंत कॅल्शियम जेमतेम 14 ने हललेलं असतं. म्हणून आधी मोजायची ती अल्कलिनिटी.

आता पर्याय.

पहिला, चुन्याची निवळी. आजीच्या पानाच्या डब्यातलंच रसायन, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. (पण पानाचा चुना वापरू नका, शुद्ध पावडर आणा आणि हातमोजे घाला.) लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं, उरलेलं तळाशी बसतं, वरचं नितळ पाणी घ्यायचं. एक लिटर निवळीने 100 लिटरमध्ये साधारण 1 डीकेएच आणि 8 पीपीएम कॅल्शियम वाढतं. स्वस्त आणि मस्त! फक्त तिचा पीएच 12 च्या वर, त्यामुळे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी थेंब थेंब सोडावी लागते. नागऱ्याला अडचण इथेच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी, टाकीवर पंखा. रोज दोन लिटर पाणी उडालं आणि तेवढीच निवळी गेली, तर दिवसाला 2 डीकेएच! जुलैत धानाची रोवणी सुरू झाली की हवा दमट, पाणी उडत नाही, डोसही जात नाही. म्हणजे टाकीला किती द्यायचं ते हवामान ठरवणार.

दुसरा पर्याय दोन बाटल्यांचा: एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम सोडा, जोडीला अडीच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. ऊन असो की पाऊस, डोस तोच. दोन्ही एकत्र मात्र ओतू नका, तिथल्या तिथे खडू तयार होतो.

तिसरा, कॅल्शियम रिअ‍ॅक्टर. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वगैरे. 100 लिटरसाठी विसरा.

आता मुख्य मुद्दा. याच्या टाकीत आहे काय? झोअँथिड आणि मशरूम. हे चुन्याचा सांगाडा बांधतच नाहीत! दगडावरचं गुलाबी शेवाळ थोडं कॅल्शियम खाईल, तेवढंच. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं तर बहुधा तेवढ्यात भागतं. ज्यांना खरंच कॅल्शियम लागतं ते कडक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शेजारच्या नागझिऱ्यातल्या वाघाच्या पंक्तीला. कोणी "मिळवून देतो" म्हणालं तरी नको म्हणायचं. ते बघायला मालवणला जावं, पाण्यात डोकं घालून.

आपल्या भाषेत सांगायचं तर आधी लॉग, मग पॅच. अल्कलिनिटीचं एक टेस्ट किट घ्यायचं, काहीही न घालता आणि पाणी न बदलता आठवडाभर दिवसाआड मोजायचं. आकडा अर्ध्या डीकेएचनेही उतरला नाही तर काहीच घ्यायचं नाही. उतरला तर दोन बाटल्यांचा पर्याय, तोही मोजून. वाचलेल्या पैशात आरओ फिल्टर घ्यावा. बोअरच्या पाण्यात काय काय येतं ते कुठल्याच बाटलीने निघत नाही.