तिरकमठा

रात्रपाळी उरकून चाकणहून कंपनीच्या बसने चिंचवडला उतरलो. झोप येईना. आजोबांचा तिरकमठा आठवला. बांबूचा, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तिरकमठा आढ्याला टांगला गेला. बरंच झालं म्हणा. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी मात्र थांबल्या नाहीत. शेकोटीपाशी तोच ससा दरवेळी थोडा मोठा होई.

२०२३च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा आमच्या पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी तो ससा एकदाचा लिहून टाकला. जेवणाच्या सुट्टीत राजगुरुनगरकडच्या एकाचं उत्तर आलं, "आमच्या आज्याचा याहून मोठा होता."